पाखरांचा दाणा आणि गोदामातील मातेरे

आपल्या समाजात पाखरांना दाणे घालण्याची चाल इतकी जुनी व सर्वमान्य आहे की, तिच्याविषयी काही लिहावे असे सहसा कोणास वाटत नाही. सकाळी दुकान उघडताच गल्ल्यास हात लावण्यापूर्वी मूठभर ज्वारी ओट्यावर टाकणारे व्यापारी आमच्या बेळगावकडे पुष्कळ आहेत. गुजरातेत तर खांबावर उभारलेले चबुतरे गावोगाव दिसतात, आणि वडोदऱ्याच्या आपल्या बांधवांस त्यांचे वर्णन सांगावयास नको. या चालीविरुद्ध प्रस्तुत लेखकास काहीच म्हणावयाचे नाही. म्हणावयाचे आहे ते त्या दाण्याविषयी: तो कसा विकत घेतला जातो आणि पावसाळ्याचे चार महिने कोठे पडून राहतो.

गिऱ्हाईक घरासाठी ज्वारी घेते तेव्हा ती ओंजळीत घेऊन फुंकर मारते, वास घेते, एखादा दाणा दाताखाली धरून तो कट्कन मोडतो की नाही ते पाहते. तेच गिऱ्हाईक ‘पाखरांसाठी हवी’ म्हणाले की फक्त भाव विचारते. आणि आपल्यापैकी कित्येकजण मग भिजून काळे पडलेले पोते किंवा गोदाम झाडून निघालेले मातेरे पुढे करतात. घेणाऱ्यास पुण्य स्वस्त पडते, विकणाऱ्याचा कोपरा मोकळा होतो, आणि ज्याच्यासाठी हा व्यवहार झाला ते पाखरू तक्रार घेऊन दुकानी येत नाही. तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार हे दोन तर सरळ व्यापाऱ्याच्या गादीशी संबंधित आहेत. पाखरांच्या पोत्यास त्यांतून सूट दिल्याचे निदान माझ्या वाचनात नाही.

हलका माल आणि वाईट माल यांतील भेद मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. तांदळाची कणी, फुटकी ज्वारी, बारीक पडलेली बाजरी ही पाखरांस उत्तम चालतात. ती कमी भावाने घ्यावी व द्यावी, त्यात गैर काही नाही. परंतु कुबट वासाचा, बुरसलेला दाणा ही निराळी गोष्ट आहे. इंग्लंडात १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी काही महिन्यांत मरून गेले. शोध घेता कारण निघाले ते त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीवर वाढलेली बुरशी. त्या बुरशीच्या विषास पुढे अॅफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. ओल लागलेला भुईमूग व मका यांत ते विशेषेकरून आढळते आणि उन्हात वाळवून ते जात नाही. सबब असा माल ‘पाखरांना चालेल’ म्हणून बाजूस काढणे हा दयाधर्म नव्हे.

आता साठवणीकडे वळू. आपल्याकडे पाखरांच्या दाण्याची देणगी बहुधा पर्युषण व दशलक्षण पर्वात, म्हणजे भर भाद्रपदात येते. दात्यास वाटते की आपल्या नावाची पाच-दहा पोती मंदिराच्या खोलीत दिसावीत. हेतू चांगला, परंतु ऋतू अगदी वाईट. खोली कोंदट असते, पोती भिंतीस लागून थेट फरशीवर रचलेली असतात, आणि वरची दोन पोती संपेपर्यंत खालच्यांत सोंडे पडतात. सोंड्याची मादी दाण्यास भोक पाडून आत अंडे घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी आतच वाढते, आणि उष्ण दमट हवेत साधारण महिन्याभरात पुरा किडा बाहेर पडतो. म्हणजे खरेदीच्या दिवशी जो दाणा डोळ्यांना निर्मळ दिसला, तोच पुढे शेकडो त्रसजीवांचे घर होतो. मग व्यवस्थापकांपुढे पेच उभा राहतो. विषारी गोळ्या ठेवाव्यात तर किड्यांची हत्या, न ठेवाव्यात तर पोत्यागणिक कीड वाढत जाते. पाखरावर दया करावयास निघालेला मनुष्य या पेचात सापडतो तो केवळ एकदम फार खरेदी केल्यामुळे. हिंसेची व्याख्या करताना आचार्यांनी प्रमादाचा योग ही जी खूण सांगितली, ती अशा ठिकाणी आठवावी.

उपाय अवघड नाही. देणगी रोख घ्यावी, दात्याचे नाव फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि दाणा पंधरा दिवसांपुरताच विकत घ्यावा. किड्याच्या वाढीस महिना लागतो, हा हिशेब त्यामागे आहे. दाण्यातील ओलावा शेकडा १२ च्या आत असावा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा असावा, आणि तो फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावा. नवा दाणा जुन्यावर ओतू नये, ही गोष्ट किराणा दुकानातील पोरासही कळते. धर्मादायात मात्र ती विसरली जाते.

किती घालावे, हाही प्रश्न आहेच. २०२५ च्या ऑगस्टात मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली आणि आपल्यातील पुष्कळांची मने दुखावली. ते दुःख खोटे नव्हते. तथापि कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांच्या फुप्फुसांस गंभीर विकार होतो, हेही खोटे नाही. आणि माणूसही पंचेंद्रिय जीवच आहे. पोत्यांनी ओतलेल्या ज्वारीमुळे एकाच जागी हजारो कबुतरे जमतात. अंगणात टांगलेल्या उथळ ताटलीत मूठभर बाजरी किंवा राळे घातले तर चिमण्या येतात, मुनिया येतात, तासाभरात ताटली रिकामी होते आणि रात्री उंदरांसाठी काही उरत नाही. मला हीच रीत अधिक पसंत आहे.

एक गोष्ट बियाण्याचा व्यापार करणाऱ्या सभासदांसाठी. पेरणी आटोपली की दुकानात आणि शेतकऱ्याच्या घरी बियाण्याच्या अर्धवट पिशव्या उरतात. त्या बियाण्यास बुरशीचे व किडीचे औषध चोळलेले असते, आणि ते ओळखू यावे म्हणून लाल किंवा हिरवा रंग दिलेला असतो. ते धुऊन खाण्याजोगे होत नाही. तरी ‘फुकट जाण्यापेक्षा पाखरे खातील’ असे म्हणून ते गच्चीवर टाकणारे लोक आहेत. अशी पिशवी दुकानात उरली तर तिचे तोंड शिवून, वर विषाची खूण करून ती धान्यापासून निराळ्या खोलीत ठेवावी आणि कंपनीचा मनुष्य येईल तेव्हा परत करावी. शेतकऱ्यास बियाणे विकतानाही, पावती फाडता फाडता, हे एक वाक्य त्याच्या कानावर घालावे.