लहरींचं चवदार तळं

१९२७ साल. २० मार्चला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जळाली. या दोन तारखांच्या मधे, २३ जुलैला, मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं रेडिओ केंद्र सुरू झालं. पहिल्या दोन तारखा आपल्याला तोंडपाठ. तिसरी कोणी सांगत नाही. पण ती ध्यानात ठेवा, दोस्तांनो. आपल्या या जुन्या कुलाबा जिल्ह्यात त्या वर्षी सवाल उभा होता : सार्वजनिक पाण्यावर हक्क कोणाचा? आणि खाडीपल्याड मुंबईत त्याच वर्षी एक नवं तळं बांधलं जात होतं. हवेतलं. त्याच्यावर हक्क कोणाचा, हा सवाल आपण अजून नीट विचारलेलाच नाही.

कंपनी बुडाली. सरकारने कारभार घेतला. १९३६ला ऑल इंडिया रेडिओ नाव पडलं, पुढं आकाशवाणी. ब्रीद घेतलं ‘बहुजनहिताय बहुजनसुखाय’. हे शब्द कोणाचे? तथागताचे. सारनाथला पहिल्या साठ भिक्खूंना त्यांनी लोकांत जायला सांगितलं, ते याच शब्दांत. म्हणजे आमच्या घरातली पाटी ह्यांनी आपल्या दारावर ठोकली. ठोका, हरकत नाही. पण पाटीबरहुकूम दुकानात माल हाय का, ते बघायचा हक्क आमचा.

बघायचं कसं? भाषणं ठोकून नव्हे. एक दिवस घ्यायचा. पहाटेच्या धूनपासून रात्रीच्या शेवटच्या बातम्यांपर्यंत. कोण बोललं, कोणाशी बोललं, कोणाच्या भाषेत बोललं, ते लिहून काढायचं.

आमचं मोजमाप डोलवीचं. पेण तालुका, वडखळजवळ, धरमतरच्या खाडीकाठचं गाव. खारेपाटाची भातशेती, मिठागरं आणि त्यांच्या उरावर पोलादाचा कारखाना. आधी इस्पातचा, २०१०पासून जिंदालचा. वर्षाला एक कोटी टन पोलादाची त्याची ताकद. तीन पाळ्या. आगरी, कोळी, बौद्ध, ठाकूर, कातकरी आणि बिहार-ओरिसातनं आलेले ठेकेदारीचे मजूर. बहुजन म्हणतात तो हाच. आता ह्या माणसांसमोर मुंबई ‘ब’ केंद्राचा सत्तर-ऐंशीच्या दशकातला दिवस मांडून बघा. त्या काळी रेडिओला पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागायचं. म्हणजे ऐकणारा फुकट्या नव्हता.

पहाटे ती ओळखीची धून. वॉल्टर कॉफमन नावाच्या ज्यू संगीतकाराची. जन्मावरून माणूस हलका ठरवणारे हिटलरवाले युरोपात माजले, तेव्हा हा १९३४ साली मुंबईत आसऱ्याला आला. देशाची सकाळ एका परागंदा माणसाच्या सुरावर उजाडते. हे फार थोर आहे. पण धून संपते आणि लगेच देव्हारा उघडतो. भक्तिगीतं, अभंग. मग पुण्याहून प्रादेशिक बातम्या, दिल्लीहून मराठी बातम्या. मंत्री म्हणाले, मंत्री गेले, मंत्र्यांनी उद्घाटन केलं.

दुपारी ‘वनिता मंडळ’. वनिता कोण? जिला दुपारी दोन घटका स्वस्थ बसता येतं ती. त्याच दुपारी आमची आई मिठागरात किंवा लावणीच्या चिखलात. कातकरणीचं तर घरच वीटभट्टीवर. ती वनिता नव्हे काय?

संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी. बियाणं, खत, फवारणी. चांगली माहिती होती, नाकारत नाही. पण ज्याच्या नावावर जमीनच नाही, त्यानं फवारायचं कुठं? याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३पासून सहा वर्षं संप केला. १९३७ला बाबासाहेबांनी खोती मोडायचं बिल मुंबईच्या असेंब्लीत मांडलं. जमीन कसणाऱ्याची की खोताची, हा शेतीचा पहिला प्रश्न. फवारणी त्याच्या नंतर.

मग ‘कामगार सभा’. नाव ऐकून ऊर भरून यावा. गिरणीत घाम गाळून आलेला माणूस फर्माइशीची गाणी ऐकायचा, आपलं नाव रेडिओवर आलं की चाळभर सांगायचा. तो आनंद खरा होता. पण सभा म्हणजे जिथं माणूस उठून बोलतो ती. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सरकारच्या माइकवर सरकारच्या विरोधात बोलायची सोय असती, तर सभा म्हटलं असतं.

आणि ‘प्रपंच’! प्रभाकरपंत, मीनावहिनी, टेकाडे भावजी. प्रभाकर जोशी, निलम प्रभू, बाळ कुडतरकर ही माणसं आवाजाची बादशहा. ऐकताना आम्हीही हसलो. पण महाराष्ट्राचा प्रपंच म्हणजे पंतांचाच, हे ठरवलं कोणी? झोपडपट्टीत, कातकरवाडीत प्रपंच नसतो? तिथं काय नुसती जनगणना असते?

हे चुकून झालं नाही. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली. शास्त्रीय गाण्यात तिचे सूर बसत नाहीत म्हणे. सत्तरचं दशक उजाडेतो ती बंदी चालली. पेटी कोणाची? भजनी मंडळाची, तमाशाची, भीमराव कर्डकांपासूनच्या आंबेडकरी जलशाची. त्यांचे कान शुद्ध राहावेत म्हणून आमचा गळा बाहेर. १९५२ला केसकर नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाची गाणी हलकी म्हणून त्यांनी ती आवळली, अभिजात संगीताचा डोस वाढवला. १ एप्रिल १९५५ला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. ५६ गाणी, दर आठवड्याला एक, वर्षभर. गदिमांच्या शब्दाशी आणि फडक्यांच्या चालीशी आमचं भांडण नाही. हिशेब वेळेचा आहे. सेक्युलर सरकारच्या रेडिओने एका कथेला अख्खं वर्ष दिलं. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात लाखो माणसं नवा जन्म घेऊन उठली, त्या कथेला किती आठवडे मिळाले?

बाबासाहेबांचा आवाज या रेडिओवरून गेलेला आहे. ३ ऑक्टोबर १९५४ला त्यांनी आपलं तत्त्वज्ञान सांगितलं. स्वातंत्र्य, समता, बंधुता फ्रेंच क्रांतीतून उसनी घेतली नाही, आपला गुरू बुद्ध याच्याकडून घेतली, असं ठणकावलं. बरोबर साठ वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०१४ला, त्याच आकाशवाणीवर पंतप्रधानांची ‘मन की बात’ सुरू झाली. दर महिन्याला. माइक तोच. एकाच्या मनातलं देशाने ऐकायचं. देशाच्या मनातलं कोणी ऐकायचं?

कोणी शहाणा म्हणेल, आता रेडिओ ऐकतो कोण? मोबाइल हाय ना. ऐक भावा. खाजगी एफएमवाल्यांना आजही स्वतःच्या बातम्या द्यायला मुभा नाही. फार तर आकाशवाणीच्याच ऐकवायच्या. म्हणजे रेडिओवरची बातमी ही आजही सरकारी मक्तेदारी. जुलै २०२१ला महाड बुडालं, तळियेवर डोंगर कोसळला. अशा वेळी टॉवर आधी मरतो, सेलवरचा रेडिओ जिवंत राहतो. आणि हा सगळा पसारा चालतो जनतेच्या पैशावर. डोलवीचा मजूर काडेपेटी घेतो तिथंही कर भरतो.

१९९५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. वाचून आनंद झाला ना? थांबा. १९२३ला बोले यांच्या ठरावानं सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनंही चवदार तळं खुलं केलं. कागदावर. एक घोट कोणी पिऊ शकला नाही, २० मार्च उजाडेपर्यंत. लहरींचं आज तेच चाललंय. तळं खुलं आहे, काठावर पहारा आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला आम्हाला ओंजळभर पाणी वरून ओततात. तेही हात न लागता.

म्हणून कविता करून भागणार नाही. तीन कामं करा. एक : प्रत्येक शाखेनं वही घेऊन आकाशवाणीचा एक पुरा दिवस ऐकावा आणि पानभर हिशेब छापावा. दोन : माहितीचा कायदा २००५ सालचा आहे, प्रसार भारतीला तो लागू आहे. दहा रुपये भरून विचारा, गेल्या वर्षात स्टुडिओत कोणाकोणाला बोलावलं, मानधन कोणाला दिलं, आगरी आणि कातकरी बोलीला किती मिनिटं मिळाली. तीन : २००६पासून स्वयंसेवी संस्थांना कम्युनिटी रेडिओचं लायसन मिळू शकतं. पेण-रोह्याच्या पोरांनी ते का मागू नये?

केसकरांनी गाणी बंद केली तेव्हा लोकांनी मोर्चा काढला नव्हता. कान पिळला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५७ला सरकारला विविध भारती काढावी लागली. नुसत्या कानात एवढी ताकद असेल, तर तोंडात किती असेल! तळ्यावर जायला परवानगी लागत नाही. चला.

जय भीम!