खलाशाचं ओळखपत्र कुणाच्या खिशात?

वसईच्या होळी भागात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचं घर आहे. मुलगा जहाजावर जायच्या तयारीत. मध्यंतरी त्याची अम्मी भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "सर, पासपोर्ट, सीडीसी सगळं एजंटने ठेवून घेतलंय. जॉइनिंगच्या दिवशी देतो म्हणतो. असं चालतं का?"

चालत नाही. आणि हा प्रश्न एका घराचा नाही. रत्नागिरी-रायगडपासून मुंबई-वसईपर्यंत कोकणी मुसलमान कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या कुणी ना कुणी खलाशी, सारंग, टंडेल झालेला आहे. इंग्रजांच्या काळात भरती घाट-सारंगाच्या हातात होती. नोकरी हवी तर त्याला दस्तुरी द्या, असा दस्तूर. 1920 मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या जिनोआ परिषदेत खलाशांच्या भरतीत नफेखोरी नको, असा करार झाला. आज घाट-सारंग गेला, एजंट आला. कागद मात्र अजूनही दुसऱ्याच्या कपाटात.

ओळखपत्राचा वेगळा करार 1958 चा, क्रमांक 108. 11 सप्टेंबर 2001 नंतर बंदरांवरची तपासणी कडक झाली. अमेरिकेने सगळ्या खलाशांना मिळून एकच व्हिसा देण्याची पद्धत 2004 मध्ये बंद केली. अशा काळात, जून 2003 मध्ये, श्रम संघटनेने नवा करार क्रमांक 185 मंजूर केला. भारताने 9 ऑक्टोबर 2015 रोजी त्याला मान्यता दिली आणि नोव्हेंबर 2019 मध्ये 'बीएसआयडी', म्हणजे खलाशांचं बायोमेट्रिक ओळखपत्र सुरू केलं. आधी करारात बोटांचे ठसे होते. 2016 च्या दुरुस्तीनंतर ई-पासपोर्टसारखी चिप आली. आपल्या कार्डावर चेहऱ्याची नोंद असते. हे कार्ड पासपोर्टची किंवा सीडीसीची जागा घेत नाही. वैध सीडीसी असलेल्यालाच ते मिळतं.

या करारातल्या तीन गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

पहिली, कार्ड कायम खलाशाकडेच राहील. अपवाद एकच. जहाजाचा कप्तान ते सुरक्षित ठेवू शकतो, तेही खलाशाच्या लेखी संमतीने. एजंटाचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

दुसरी, जहाज बंदरात असताना तात्पुरतं किनाऱ्यावर उतरण्यासाठी व्हिसा मागू नये. महिनोन्‌महिने लोखंडी भिंतीत राहणाऱ्या माणसाला घरी फोन करायला, डॉक्टरला दाखवायला किंवा नुसतं जमिनीवर चालायला मिळणं ही मेहेरबानी नाही, हक्क आहे. पण अमेरिकेसह अनेक देशांनी हा करार स्वीकारलेला नाही. तिथे हे कार्ड दाखवून दार उघडत नाही, आणि व्हिसा नसलेला खलाशी समोरचं शहर डेकवरूनच बघतो.

तिसरी, अर्ज नाकारला तर अपील करता येतं.

आणखी एक बाब. करारात नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, राष्ट्रीयत्व, फोटो, सही असे तपशील आहेत. धर्माचा रकाना नाही. समुद्रावर माणसाची ओळख त्याच्या कामाने आणि देशाने होते, हे जगाने लेखी मान्य केलं आहे.

पण या कार्डाची पहिली अडचण बंदरावर नाही, शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये सुरू होते. आम्ही शिक्षक हे रोज पाहतो. दाखल्यावर 'मोहम्मद' पूर्ण, आधारवर नुसतं 'मो.'. वडिलांच्या कागदात शेखचं इंग्रजी स्पेलिंग एक, मुलाच्या कागदात दुसरं. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. घरी कुणाला त्याचं काही वाटत नाही. मात्र पासपोर्ट, सीडीसी आणि बीएसआयडी एकाच माणसाचे आहेत हे सिद्ध करताना तीच एक काना-मात्रा आडवी येते. मग धावपळ सुरू होते, जॉइनिंग हुकते, आणि "मी करून देतो" म्हणणारा एजंट तिथेच शिरतो.

म्हणून दहावीच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याआधीच मुलाचं नाव सगळ्या कागदांवर एकसारखं करून घ्या. शाळा सोडल्यावर दुरुस्ती फार किचकट होते. एजंटाकडे आरपीएसएल परवाना आहे का, ते नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीत पाहा. 2006 च्या सागरी श्रम करारानुसार, ज्याला भारताची मान्यता आहे, नोकरी लावून देण्याचे पैसे खलाशाकडून घेता येत नाहीत. वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्टचा खर्च तेवढा आपला. लाखांची मागणी झाली की तिथूनच परत फिरा.

सरकारकडेही मागणी आहे. पाचूबंदर, अर्नाळ्याचे मच्छीमारही समुद्रावरच जातात, पण सीडीसी नसल्याने ते या कार्डाबाहेर आहेत. बोटमालक आणि मच्छीमार संघटनांशी बोलून व्यावसायिक मासेमारीलाही हा करार लावण्याची मुभा त्यातच आहे. ती चर्चा व्हायला हवी.

त्या अम्मींना आम्ही एवढंच सांगितलं की उद्याच जा, कागद परत मागा, आणि लेकाला बरोबर घेऊन जा. मूळ कागद त्याच्याकडे राहतील. एजंटाला झेरॉक्स पुरे.