सायन्स घे, पुढचं पुढे बघू!

एप्रिल-मे आला की आपल्यासारख्या इंजिनिअर मंडळींना एक फोन हमखास येतो. कधी मावसभाऊ, कधी शेजारच्या काकूंची मुलगी. "दादा, दहावी झाली. आता काय करू?" आणि शनिवारच्या आळसात बहुतेक जण उत्तर देतात, "सायन्स घे, सगळे दरवाजे उघडे राहतात. पुढचं पुढे बघू."

माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला नव्हे, ही टाळाटाळ आहे.

एकतर सगळे दरवाजे उघडे राहतच नाहीत. अकरावीत मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंगचा नेहमीचा रस्ता बंद. आर्किटेक्चरही बंद. एनडीएत आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवंच. उलट सीए, पाच वर्षांचं लॉ किंवा डिझाईन यांना सायन्सची अटच नाही. म्हणजे ज्या मुलीला वकील व्हायचंय तिने 'दरवाजे उघडे' ठेवण्यासाठी दोन वर्षं ऑरगॅनिक केमिस्ट्री का घोकायची? याचं उत्तर फोनवरच्या दादाकडे नसतं.

आणि काही दरवाजे दहावीनंतरच उघडतात, ते आपल्या डोक्यातही येत नाहीत. पॉलिटेक्निकचा ३ वर्षांचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मुलींना एनडीएची परीक्षा २०२१ पासून खुली झाली आणि त्यांच्यासाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ मध्ये चक्क नाशिकलाच सुरू झाली. तिचे फॉर्म दहावीच्या निकालाची वाट बघत नाहीत. ज्यांना माहीत असतं त्या मुली भरतात, बाकीच्यांना जूनमध्ये कळतं.

आता या सुट्टीत आपल्या नाशकात होतं काय? कॉलेज रोड, गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर, कुठेही बघा. टॉपर्सचे फोटो लावलेले फ्लेक्स आणि 'व्हेकेशन बॅच सुरू'. कोचिंगवाल्यांनी दहावीच्या परीक्षेआधी प्रवेश देऊ नयेत, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. म्हणजे दहावीनंतरचा उन्हाळा हा त्यांचा पहिला रीतसर हंगाम. पेपर संपून आठवडा होत नाही तोच पोरगं अकरावीचे व्हेक्टर शिकायला बसतं. फीचा पहिला हप्ता भरलेला असतो. क्लासचं ज्या कॉलेजशी 'इंटिग्रेटेड' असतं, तेच कॉलेज. क्लास जेईईचा, म्हणून शाखा सायन्स. क्रम बघा जरा! आधी क्लास ठरला, मग कॉलेज, मग शाखा. आणि तुला काय आवडतं, हा प्रश्न राहूनच गेला.

मध्यंतरी २०१६ पासून काही वर्षं बोर्डाने दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली होती. घराघरात तो कागद गुणपत्रिकेखाली दबून गेला, हा भाग वेगळा. पण निदान प्रश्न तरी विचारला जात होता.

माझं म्हणणं इतकंच आहे की या आठ-दहा आठवड्यांतले निदान चार आठवडे बघण्यासाठी ठेवा. बघण्यासाठी म्हणजे खरोखर बघण्यासाठी. त्यासाठी नाशिकसारखं गाव शोधून सापडणार नाही. ओझरला एचएएल १९६४ पासून आहे आणि तिथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए ऑक्टोबर २०२५ मध्ये उडालं. सातपूर-अंबडला कारखाने आहेत, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, दिंडोरी-निफाडकडे द्राक्षं आणि वायनरी. आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथलंच आणि मुक्त विद्यापीठही इथलंच. कारखान्यात कोणी आत सोडणार नाही, कबूल. पण यातल्या एखाद्या ठिकाणी काम करणारे कोणी ना कोणी काका-मावशी प्रत्येकाच्या ओळखीत निघतात. त्यांच्यासमोर तासभर बसायचं आणि विचारायचं, की सकाळी गेल्यावर नेमकं काय करता? काय कंटाळवाणं वाटतं? इथे पोचायला काय शिकलात? एका सीएच्या ऑफिसात चार दुपारी काढल्या तर ब्रोशरपेक्षा जास्त कळतं.

दुसरं काम कागदाचं. नाशिक शहरात अकरावीचे ऑनलाईन प्रवेश आधीपासून होते, २०२५ मध्ये ते सगळ्या राज्याला लागू झाले. त्या वर्षीच्या नियमांप्रमाणे १० पर्यंत पसंतीक्रम देता येत होते आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळूनही घेतलं नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. नियम दरवर्षी तपासून घ्यावेत, पण इतकी महत्त्वाची यादी निकालानंतरच्या धांदलीत सायबर कॅफेवाल्याने भरावी? मागच्या वर्षीचे कटऑफ आधीच काढून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, हे सगळं सेतूत गर्दी व्हायच्या आत करून घ्या. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींना राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. म्हणजे 'फी परवडत नाही' म्हणून आधीच एखादा कोर्स खोडायचं कारण नाही, पण त्यासाठीही दाखले लागतातच.

आता कोणी म्हणेल, पंधरा वर्षांच्या मुलाला आयुष्याचं काय कळतं? बरोबर आहे. पण त्याला आयुष्य ठरवायला कुणी सांगितलंय? दहातली सहा नावं खोडता आली तरी सुट्टी वसूल. दुसरी शंका जास्त खरी आहे. दहावी आणि अकरावी सायन्समधली उडी मोठी असते आणि बाकीची मुलं एप्रिलपासून पुढे गेलेली असतात. ज्याचं इंजिनिअरिंग खरंच पक्कं आहे त्याने खुशाल क्लासला जावं. पण जे पक्कं नाही त्यात महिनाभर पुढे असण्याने काय साधतं? शिवाय नववीची सुट्टी तर यासाठी सर्वात उत्तम. ना निकालाची धाकधूक, ना प्रवेशाची घाई.

त्या फोनच्या पलीकडच्या पोराने आपल्याला विचारलेलं असतं, कारण घरात आपण पहिले इंजिनिअर आणि पुण्यात नोकरीला. त्याच्या घरी आपल्या एका वाक्यावर क्लासचा चेक फाडला जातो. तेव्हा पुढच्या वेळी फोन आला की शाखेचं नाव सांगायच्या आधी त्याला एकच विचारा, "तू आत्तापर्यंत किती लोकांना काम करताना बघितलंयस?"