झोप लागत नाही, याला फक्त सब्र हा इलाज नाही

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला रात्ररात्र झोप लागत नसेल तर आपल्याकडे सगळे समजून चालतात की आजारच तसा आहे, झोप कशी लागणार? माझं म्हणणं असं की हा समज रुग्णाचं नुकसान करतो. निद्रानाश हा वेगळा त्रास म्हणून ओळखला पाहिजे. त्यावर गोळीशिवायचा, तपासून पाहिलेला उपचार आहे आणि तो रुग्णाला सांगितला गेला पाहिजे.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये, म्हणजे एमएसमध्ये, शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू आणि मज्जारज्जूमधल्या तंतूंवरच्या आवरणावरच हल्ला करते. वायरवरचं कव्हर झिजावं तसं होतं आणि मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत नीट पोहोचत नाही. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. बहुतेकांना तो विशी ते चाळिशीत होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. म्हणजे ऐन संसाराच्या, नोकरीच्या दिवसांत. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात या आजाराचं नाव आहे. पण रुग्णाच्या रात्रीची चौकशी अजून फारशी होत नाही.

माझ्या खालाच्या मुलीला हा आजार होऊन बारा वर्षं झाली. मी तिला आपा म्हणते. रात्री तिच्या पिंडऱ्या आखडतात, तीन-चार वेळा लघवीला उठावं लागतं आणि मग पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. तपासणीला गेली की डॉक्टर तिला चालून दाखवायला सांगतात, डोळे बघतात. झोपेचं विचारत नाहीत. तिनेच एकदा विषय काढला तेव्हा झोपेची गोळी लिहून मिळाली. ती घेतल्यावर रात्री उठलं की आधीच डळमळणारा तोल आणखी जातो. भेटायला येणारे सांगतात, ‘सब्र करो.’ सब्रचं मोल मी जाणते. पण ज्यावर इलाज आहे तो करून घेतल्याने सब्र कमी होत नाही.

हा इलाज म्हणजे निद्रानाशावरची वर्तन-उपचार पद्धती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सीबीटी-आय म्हणतात. १९७२ साली रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने साधा नियम मांडला: अंथरूण झोपेसाठीच ठेवा, झोप येत नसेल तर उठा. १९८७ मध्ये आर्थर स्पीलमन यांनी दुसरी गोष्ट जोडली. कुणी आठ तास अंथरुणात असेल आणि झोप पाचच तास लागत असेल, तर अंथरुणातला वेळच सुरुवातीला साडेपाच तासांवर आणायचा. झोप सलग लागू लागली की तो हळूहळू वाढवायचा. याच्या जोडीला ‘आज झोपले नाही तर उद्या उठताच येणार नाही’ या धास्तीवर काम करायचं. साधारण सहा ते आठ भेटींत हे शिकवतात. प्रौढांच्या जुन्या निद्रानाशावर आधी ही पद्धत वापरा, गोळीचा विचार नंतर करा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं आहे.

तुम्ही म्हणाल, पायात गोळे येणाऱ्या बाईला सवयी बदलून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. आखडणं, लघवी, वेदना, उदासी, झोपेतलं घोरणं यांवर आधी त्यांचे त्यांचे उपचार व्हायलाच हवेत. पण एकदा झोप मोडली की माणूस लवकर आडवा होतो, दिवसा पडून राहतो, रात्री घड्याळ बघतो. मूळ कारण आटोक्यात आलं तरी या सवयी झोप येऊ देत नाहीत. कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात एमएसच्या रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली. २०२० साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास लहान आहे, पण त्यात रुग्णांचा निद्रानाश कमी झाला.

अर्थात नियम जसेच्या तसे लावून चालत नाही. ज्याचा तोल जातो त्याला मध्यरात्री ‘उठून दुसऱ्या खोलीत जा’ म्हणणं धोक्याचं आहे. त्याने पलंगावरच टेकून बसावं. एमएसचा थकवा वेगळाच असतो, म्हणून दुपारची झोप पूर्ण बंद न करता वेळ ठरवून, थोडकी ठेवावी. बऱ्याच रुग्णांचा त्रास उष्णतेने वाढतो, तेव्हा झोपण्याआधी कढत पाण्याने आंघोळ हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नाही. आणि चालू असलेली गोळी डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करू नये.

मी शिक्षिका आहे, त्यामुळे मला यात शिकवण्याचं काम दिसतं. रुग्णाने रोज झोपेची वही लिहायची, पुढच्या भेटीत ती तपासायची, मग पुढचा धडा. हा गृहपाठ इंग्रजीतला छापील कागद देऊन होणार नाही. तो आपाला उर्दूत हवा, तिच्या शेजारणीला मराठीत. आणि दोन खोल्यांच्या घरात तो एकट्या रुग्णाचा राहत नाही. रात्री बारापर्यंत टीव्ही चालू असेल तर नियम पाळायचे कसे? उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी लागते. फजरला उठणाऱ्या घरात ती सवय अर्धी तयार असते. फजरची वेळ ऋतूप्रमाणे सरकते आणि रमजानमध्ये सहेरीमुळे सगळंच बदलतं, म्हणून वेळापत्रक उपचार करणाऱ्याशी बोलून आधीच ठरवावं.

माझी मागणी मोठी नाही. मेंदूविकाराच्या ओपीडीत एमएसच्या प्रत्येक रुग्णाला ‘झोप कशी लागते?’ एवढं विचारलं जावं. ही पद्धत शिकलेला मानसशास्त्रज्ञ जिल्ह्याच्या रुग्णालयात असावा. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५पासून काम करते आहे. तिच्यासारख्या संस्थांनी झोपेची वही मराठीत आणि उर्दूत काढावी. तोवर घरच्यांनी एक करावं. पुढच्या तपासणीला जाण्याआधी दोन आठवडे, किती वाजता पडली, किती वेळा उठली, किती झोपली, हे साध्या वहीत लिहावं आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. लिहिलेलं समोर असलं की गोळी देऊन विषय संपवणं अवघड जातं.