जगज्जेतेपदाची मालकी कोणाची?

८ जून २००२ रोजी अमेरिकेतील मेम्फिस शहरी लेनॉक्स लुइसने माइक टायसनला आठव्या फेरीत लोळविले, तेव्हा हेवीवेट मुष्टियुद्धातील एक जुना प्रश्न सुटला असे मानले गेले. वास्तविक तो पाच-सहा वर्षे आधीच सुटावयास हवा होता. दोघेही आता छत्तिशीच्या घरात होते आणि टायसनचा पूर्वीचा तडाखा ओसरला होता. या विलंबाला टायसनचे वर्तन कारणीभूत होते, यात शंका नाही. परंतु लुइस एचबीओ या दूरचित्रवाणी वाहिनीशी करारबद्ध होता आणि टायसन शोटाइमशी, ही अडचणही लहान नव्हती. अखेर दोन्ही वाहिन्यांनी संयुक्त प्रक्षेपण मान्य केले. पण परस्परांवरील विश्वास इतका बेताचा की, योद्ध्यांची नावे पुकारण्यासही रिंगणात दोन निवेदक उभे करावे लागले!

भारतीय क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे हक्क कोणीही विकत घेवो, संघ ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणेच खेळतो. मुष्टियुद्धाला असे एक मंडळ नाही. जागतिक किताब देणाऱ्या प्रमुख संघटनाच चार आहेत आणि किताबधारकाने कोणाशी व केव्हा लढावे, हे बव्हंशी ठरते ते प्रवर्तक व वाहिनी यांच्यातील करारात. क्रिकेटमध्ये सामने विकले जातात. येथे जणू योद्धाच विकत घेतला जातो. वाहिनी त्याला काही लढतींसाठी बांधून घेते, त्याच्या किरकोळ लढतींवरही पैसा ओतते, कारण ग्राहक वर्गणी भरतो तो त्याच्यासाठी. असा मोहरा प्रतिस्पर्धी वाहिनीवर जाऊन हरला, तर सारी गुंतवणूक बुडते. जिंकला, तरी उत्पन्नात वाटेकरी येतो. तेव्हा थांबणे हेच शहाणपणाचे ठरते. मात्र योद्ध्याच्या भरातील वर्षे कोणासाठी थांबत नाहीत.

वाहिन्यांनी या खेळात केवळ अडसरच घातला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९८६-८७ मध्ये एचबीओने लढतींच्या एका मालिकेला पाठबळ दिले, म्हणूनच विभागलेले जगज्जेतेपद एकत्र येऊन ऑगस्ट १९८७ मध्ये टायसन निर्विवाद जगज्जेता झाला. पैशाची थैली तेव्हा एकाच हातात होती.

पुढे थैल्या वाढल्या. २०१८ मध्ये अँथनी जोशुआ आणि डिऑन्टे वाइल्डर हे दोघेही अजिंक्य किताबधारक होते. त्यांच्या लढतीची बोलणी मात्र फिसकटली. त्याच वर्षी जोशुआच्या प्रवर्तकाने डॅझोन या इंटरनेटवरील प्रक्षेपणसेवेशी आठ वर्षांचा, १०० कोटी डॉलरचा करार केला. वाइल्डर शोटाइमकडे राहिला. २०१९ च्या प्रारंभी डॅझोनने त्याला दहा कोटी डॉलरहून अधिक देऊ केले; अट अर्थातच आपल्याकडे येण्याची. त्याने नकार दिला. मग १ जून रोजी न्यूयॉर्क येथे, आयत्या वेळी उभ्या केलेल्या अँडी रुइझने जोशुआला सातव्या फेरीत हरविले आणि दोन अजिंक्यांच्या लढतीची कल्पनाच संपुष्टात आली. टायसन फ्युरीने फेब्रुवारी २०१९ मध्ये ईएसपीएनशी करार केल्यामुळे वाइल्डरबरोबरची त्याची दुसरी लढतही लांबली. ती झाली २०२० च्या फेब्रुवारीत, ईएसपीएन व फॉक्स यांच्या संयुक्त प्रक्षेपणाने.

एचबीओने २०१८ अखेर या खेळाचा निरोप घेतला, शोटाइमने २०२३ अखेर. कोंडी फुटली ती सौदी अरेबियाच्या पैशाने. १८ मे २०२४ रोजी रियाध येथे फ्युरीला हरवून उसिक निर्विवाद जगज्जेता झाला. हेवीवेट गटात १९९९ च्या लुइसनंतर असा जगज्जेता प्रथमच झाला. प्रक्षेपण कोणाचे, हा वाद तेथे दुय्यम ठरला. सर्वांना पुरून उरेल एवढी रक्कम देणारा यजमान होता. अशा यजमानाची मर्जी फिरली तर काय, हा प्रश्न तूर्त कोणी विचारीत नाही.

त्याच रियाधमध्ये, २३ डिसेंबर २०२३ च्या रात्री, जोशुआ आणि वाइल्डर अखेर एकाच रिंगणात उतरले, पण निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध. दोघे जिंकले असते, तर पुढे त्यांची गाठ घालण्याचा बेत होता. जोशुआ जिंकला. अडतीस वर्षांचा वाइल्डर मात्र जोसेफ पार्करकडून गुणांवर हरला.