रॅपरांची भांडणं आणि आपल्या पोरांचे स्टेटस

केडगाव स्टेशनवरून पुण्याची गाडी पकडली की यवत, उरुळी, लोणी, हडपसर करत पुणे स्टेशन येतं. स्टेशनला लागूनच ताडीवाला रोडची वस्ती आहे. याच वस्तीतल्या अल्ताफ शेख नावाच्या पोराला आज सगळा देश एमसी स्टॅन म्हणून ओळखतो. १२ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री त्याने ‘बिग बॉस’चा सोळावा सीझन जिंकला. ३१ लाख ८० हजार रुपये आणि एक गाडी त्याला मिळाली. दुसरा आला तो अमरावतीचा शिव ठाकरे. त्या रात्री दौंड तालुक्यातल्या अनेक घरांत पोरं जागी होती आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या स्टेटसवर स्टॅनच होता.

या पोरांचं कौतुक आम्हाला समजतं. आपल्या मोहल्ल्यातली भाषा बोलणारा, आपल्यासारखंच आडनाव असणारा कुणीतरी टीव्हीवर ट्रॉफी उचलतो, तेव्हा छाती फुगणारच. पण गेल्या काही वर्षांत या कौतुकाला एक दुसरी बाजू आली आहे. रॅपरांचे गट पडले, गटांचे चाहते झाले आणि चाहत्यांच्या टोळ्या झाल्या. एक स्टॅनवाला, दुसरा एमीवेवाला, तिसरा डिव्हाईनवाला. कालपर्यंत एका बाकावर बसणारी पोरं मोबाईलवर एकमेकांच्या आई-बहिणीवरून शिव्या देतात. घरच्यांना याचा पत्ताही नसतो. म्हणून हा विषय आज घेतला.

वर कसे आले?

मुंबई-पुण्याच्या हिप-हॉपमध्ये मुस्लिम पोरांचा वाटा मोठा आहे. कुर्ल्याचा नावेद शेख म्हणजे नेझी. २०१४ मध्ये त्याने आयपॅडवर चित्रित केलेलं गाणं इंटरनेटवर टाकलं आणि नाव झालं. २०१५ मध्ये त्याचं आणि अंधेरीच्या डिव्हाईनचं एकत्र गाणं आलं. या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेऊन झोया अख्तरने ‘गली बॉय’ काढला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो लागला, पुढच्या वर्षी त्याला तेरा फिल्मफेअर मिळाले आणि भारताने तो ऑस्करला पाठवला. त्याचा नायक धारावीतला मुराद, गरीब मुसलमान घरातला पोरगा. धारावीतच ‘डोपॅडेलिक्स’ आणि ‘सेव्हन बंटाईज’सारखे ग्रुप उभे राहिले. त्यात मराठी, तमिळ, हिंदी बोलणारी पोरं एकत्र गातात.

बिलाल शेख म्हणजे एमीवे बंटाय. त्याची ओळख अशी की मोठ्या कंपनीचा हात न धरता त्याने स्वतःच्या यूट्यूब चॅनेलवर बस्तान बसवलं. आणि पुण्याचा स्टॅन. लहानपणी कव्वाली गायचा, मग रॅपकडे वळला. २०१८ मध्ये ‘वाता’ आलं, २०२० मध्ये ‘तडीपार’ हा अल्बम.

या तिघांत एक गोष्ट सारखी आहे. कुणाच्याही घरी स्टुडिओ नव्हता, ओळख नव्हती. होता तो मोबाईल, इंटरनेट आणि बोलायची हिंमत. केडगावच्या पोराला हे जवळचं वाटतं ते याचसाठी. क्रिकेटला किट लागतं, डॉक्टरकीला लाखोंची फी लागते. रॅपला काहीच लागत नाही, असं त्याला वाटतं.

भांडणाचा धंदा

रॅपमध्ये दुसऱ्याला नाव घेऊन डिवचणाऱ्या गाण्याला ‘डिस’ म्हणतात. आपल्याकडे ही लाट २०१८ मध्ये जोरात आली. दिल्लीच्या रफ्तारने एका मुलाखतीत एमीवेबद्दल टोमणा मारला. एमीवेने गाण्यातून उत्तर दिलं. रफ्तारने प्रत्युत्तर दिलं. एमीवेने पुन्हा. मग डिव्हाईन उतरला, त्यालाही एमीवेने उत्तर दिलं. पुढच्याच वर्षी पुण्यातून स्टॅनने एमीवेला ललकारलं.

आता हिशेब बघू. गाणं जितक्यांदा बघितलं जातं, तितक्या जाहिराती चालतात आणि पैसे गाणं टाकणाऱ्याला मिळतात. चिडून बघणारा आणि खूश होऊन बघणारा, यूट्यूबच्या मोजणीत दोघे सारखेच. कमेंटमध्ये भांडण पेटलं की व्हिडिओ आणखी वर जातो. एका डिसला उत्तर आलं की लोक पहिलं गाणं पुन्हा ऐकतात. म्हणजे दोन रॅपर भांडले तर दोघांचाही गल्ला भरतो. त्यांच्यात खरा राग नसतो असं आम्ही म्हणत नाही, असेलही. पण त्या रागाचे त्यांना पैसे मिळतात. कमेंटमध्ये रात्री दोनपर्यंत भांडणाऱ्या पोराला काय मिळतं? त्याचा डेटा जातो, झोप जाते आणि दोस्त जातो.

दिल्लीच्या ‘माफिया मुंडीर’ या ग्रुपचं उदाहरण घ्या. हनी सिंग, बादशाह, रफ्तार, इक्का हे सगळे एकेकाळी त्यात होते. नाव मोठं झालं आणि श्रेय कुणाचं, गाणं कुणी लिहिलं यावरून ग्रुप फुटला. हनी सिंग आणि बादशाह यांचं वैर वर्षानुवर्षं चाललं, चाहत्यांनी दोन फळ्या केल्या. मे २०२४ मध्ये देहरादूनच्या कार्यक्रमात बादशाहने स्टेजवरूनच सांगून टाकलं की आपल्याकडून हे भांडण संपलं. त्याने एका मिनिटात विषय मिटवला. त्याच्यासाठी दहा वर्षं दोस्तांशी अबोला धरलेल्या पोरांनी काय करायचं?

मुकाबला आपल्याला नवा नाही

काही वडीलधारी म्हणतात, हे सगळं अमेरिकेचं फॅड आहे. ते पूर्ण खरं नाही. केडगावच्या शेजारचा चौफुला तमाशा आणि लावणीसाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तमाशातल्या कलगी-तुऱ्याच्या परंपरेत दोन फडांचे सवाल-जवाब व्हायचे. एका शाहिराने कवनातून कोडं घालायचं, दुसऱ्याने कवनातूनच सोडवायचं. उरुसात कव्वालीचे मुकाबले होतात, दोन पार्ट्या समोरासमोर बसतात आणि एकमेकांना शेरांतून चिमटे काढतात. पेशवाईच्या काळातले नामांकित शाहीर सगनभाऊ हे शिकलगार मुसलमान होते. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या जोडीने त्यांनी मैदानं गाजवली. डफ हातात घेऊन सरकारला जाब विचारणं ही मराठी मुसलमानाची जुनी कमाई आहे.

फरक आहे तो शिस्तीचा. सवाल-जवाबात हरला तो ज्ञानात कमी पडला म्हणून हरला. समोर बसलेले श्रोते म्हातारे होते, तरणे होते, घरचे होते. त्यामुळे जिभेला लगाम होता. मोबाईलवर समोर कुणी बसलेलं नसतं. तिथे जिभेला लगाम राहत नाही.

संगीताबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, त्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. पण शिवीबद्दल मतभेद नाहीत. एकमेकांची खिल्ली उडवू नका, वाईट नावं ठेवू नका, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. ज्या गाण्याचा पायाच दुसऱ्याच्या आईला शिवी हा आहे, त्याला कला म्हणून सूट मागता येणार नाही. आपल्या मुलीही हीच गाणी ऐकतात. त्यात बाईबद्दल जे बोललं जातं, ते त्यांनी मुकाट्याने ऐकावं का?

चाहत्यांची किंमत

भांडण गाण्यातून बाहेर आलं की काय होतं, हे जगाने पाहिलं आहे. अमेरिकेत पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या रॅपरांचं वैर पेटलं. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक शकूर गोळीबारात गेला, मार्च १९९७ मध्ये बिगी. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोविसाचा.

आपल्या भागात गोळीपर्यंत गेलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. पण मार्च २०२३ मध्ये इंदूरला स्टॅनच्या कार्यक्रमात गाण्यातल्या शिव्यांवरून करणी सेनेचे लोक स्टेजवर चढले आणि कार्यक्रम बंद पडला. शिवी हे कारण होतं की निमित्त, यावर वाद घालता येईल. पण निमित्त हातात दिलं होतं, हे खरं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर आणि मुंबईच्या उमेश खाडेवर सत्ताधाऱ्यांवर टीका करणाऱ्या रॅपमुळे गुन्हे दाखल झाले. हे दोघे काही मुसलमान नव्हते. म्हणजे शब्दाची किंमत सगळ्यांनाच मोजावी लागते.

आपल्या भागात मात्र ती जास्त आहे. केडगावच्या पलीकडे दोन स्टेशनांवर यवत आहे. १ ऑगस्ट २०२५ ला तिथे एका सोशल मीडिया पोस्टवरून दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांना अश्रुधूर सोडावा लागला, जमावबंदी लागली. पोस्ट एकाची होती. दारं-खिडक्या लावून बसावं लागलं ते अनेक घरांना, ज्यांनी ती पोस्ट वाचलीही नव्हती. यवतच्या त्या प्रकाराचा रॅपशी काही संबंध नव्हता. पण एका मोबाईलवरून गाव पेटू शकतं, हे आपण इतक्या जवळून पाहिलं आहे. रॅपरांच्या भांडणात जात, धर्म, वस्ती, आडनाव हे सगळं सर्रास ओढलं जातं. रात्री स्टॅन-एमीवेवरून सुरू झालेली शिवीगाळ सकाळी भलत्याच वळणावर जाऊ शकते. स्क्रीनशॉट काढणारा ते कुठून सुरू झालं होतं हे दाखवत नाही. शेवटचं वाक्य तेवढं पुढे पाठवतो.

कायदा काय म्हणतो तेही पोरांना माहीत हवं. नव्या भारतीय न्याय संहितेत दोन समाजांत तेढ वाढवल्याबद्दल कलम १९६ आणि धार्मिक भावना दुखावल्याबद्दल कलम २९९ आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सार्वजनिक ठिकाणी अश्लील गाणं म्हणण्याबद्दल कलम २९६ आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. पण पोलीस ठाण्याच्या फेऱ्या, वडिलांची बुडालेली रोजी आणि पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणीची धास्ती, हे सगळं घरालाच भोगावं लागतं. स्टॅन असो की एमीवे, जामिनाला कुणी येणार नाही.

मग करायचं काय?

मोबाईल हिसकावून घेणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि सगळ्यात निकामी. पोरगा दोस्ताच्या मोबाईलवरून तेच करेल. आम्हाला वाटतं, अब्बा-अम्मीने एकदा त्याच्याजवळ बसून ती गाणी ऐकावीत. शिवी आली की तिथेच थांबवून विचारावं, हे तू घरात म्हणशील का? आणि चांगली ओळ आली तर चांगलं म्हणावं. ज्या पोराला घरात दाद मिळते, तो कमेंटमध्ये दाद शोधत फिरत नाही.

घरात तीन नियम ठरवता येतील. कुणाच्या आई-बहिणीवर, जातीवर, धर्मावर एक शब्द लिहायचा नाही. रागात लिहिलेलं सकाळपर्यंत टाकायचं नाही. आणि कुणी डिवचलं तर उत्तर न देता ते घरात मोठ्यांना दाखवायचं.

ज्या पोराला खरंच लिहिता येतं, त्याला अडवू नका. पण त्याचा व्यवहार सांभाळा. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, त्यामुळे कुणी स्टुडिओवाला किंवा ‘मॅनेजर’ सही मागत असेल तर कागद घरी आणा आणि वकिलाला दाखवा. इंटरनेटवरून उचललेल्या फुकट बीटवर गाणं टाकलं की बीटचा मालक हक्क सांगू शकतो, म्हणून परवान्याची पावती जपून ठेवा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा दिला आहे आणि तो हक्क कंपनीला लिहून देता येत नाही. यूट्यूबच्या जाहिरातीच्या पैशांसाठी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास पाहणी लागते. शॉर्ट्स असतील तर नव्वद दिवसांत एक कोटी व्ह्यूज. हे आकडे पोराला दाखवा. मग त्याला कळेल की हे रात्रीत होणारं काम नाही आणि दहावी-बारावी सोडून करायचं तर मुळीच नाही.

केडगाव-चौफुल्याच्या पोराकडे लिहायला विषय कमी आहेत का? उसाचं थकलेलं बिल, पुण्याच्या गाडीतली गर्दी, भाड्याची खोली नाकारणारा मालक, बहिणीचं सुटलेलं कॉलेज. अमर शेखांनी असलेच विषय डफावर घेतले होते. यावर मराठीतून लिहिणारा पोरगा उद्या या भागातून निघाला तर आम्ही त्याची बातमी आनंदाने छापू. त्याच्या गाण्यात कुणाच्या आईला शिवी नसली, तर त्याची आईही ती बातमी शेजारपाजारी दाखवेल.