साडी माहेरची, सातबारा कुणाचा?

मायबहिणींनो, 'माहेरची साडी' हा सिनेमा १९९१ साली आला, तेव्हा आपल्या बायका गावोगावहून तो बघायला गेल्या आणि डोळ्याला पदर लावून बाहेर पडल्या. त्याच्या शंभर वर्षं आधी हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः छापली. तिच्यातल्या यमूचं लहानपणीच लग्न होतं, तरुणपणी ती विधवा होते, तिचं केशवपन होतं. हरिभाऊंनी ते चीड यावी म्हणून लिहिलं. आपण मात्र सोसण्याचंच कौतुक करत आलो. सोसते ती चांगली बायको, मागत नाही ती चांगली बहीण!

हे कौतुक किती महाग पडतं, ते चाकणच्या बाजूला बघावं. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. पुढं कारखाने वाढत चाकणपर्यंत आले आणि कांदा-बटाट्याची रानं त्यांच्याखाली गेली. खुरपण बाईचं, काढणी बाईची. पण मोबदला सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याला.

जमिनीला भाव आला तसा बहिणीच्या सहीलाही आला. हक्कसोडपत्र तयार करून भाऊ म्हणतो, "ताई, तुझी तेवढी सही." नवरा म्हणतो, "हिस्सा घेतल्याबिगर येऊ नको." आणि आई? ती म्हणते, "भावाशी वाकडं घेऊन दिवाळीला कुठं जाशील?" आईला दोष देणं सोपं आहे. तिला म्हातारपण लेकाच्याच दारात काढायचं असतं. तिचं स्वतःचं नाव तरी कुठं लागलेलं असतं? शेवटी लेक सही करते, साडी-चोळी घेऊन निघते, आणि गाव म्हणतं, "पोरगी गुणाची!"

कायदा मात्र तिच्या बाजूला आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली दुरुस्ती झाली. वडिलार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, मग तिचं लग्न झालेलं असो वा नसो. त्या वेळी वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली सांगितलं. पण हक्कसोडपत्र एकदा नोंदलं की ते मोडायला कोर्टाची पायरी चढावी लागते. तेव्हा कागद आधी घरी आणावा, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावा. रक्षाबंधनाच्या दिवशी तर सही मुळीच करू नये.

बायकोच्या नावाचा विचारही याच मातीत झाला, हे चाकणकरांनी विसरू नये. चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करणाऱ्या शरद जोशींनी कांद्याच्या भावासाठी इथंच आंदोलन उभं केलं. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. त्यानंतर शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती' हाती घेतली: नवऱ्यानं आपण होऊन जमीन बायकोच्या नावे करायची. गावोगावच्या शेतकऱ्यांनी ती केली, कुणी मोर्चा आणला म्हणून नव्हे. सरकारनंही १९९२ साली त्याच नावानं योजना काढली. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज दिला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. घरधन्यांनो, हे पान तुमच्याही हाती पडतं, ठाऊक आहे. तो अर्ज तुम्हीच करायचा असतो.